खडीची वाट आणि सायकलीचा टायर

सायकल-दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात घटकाभर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. गिऱ्हाईक हवा भरून घेते, अंगठ्याने टायर दाबून पाहते आणि तो जराही दबला नाही म्हणजे समाधानाने पुढे जाते. टायर जितका घट्ट तितकी सायकल हलकी, हा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. गुळगुळीत डांबरी रस्त्यापुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु ज्यांची वाट घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत एकसारखी गुळगुळीत आहे, असे सायकलस्वार आपल्या देशात किती निघतील? डांबरी सडक संपली की खडी सुरू होते, खडीनंतर मुरूम, मुरुमानंतर गाडीवाट आणि मग एखादा ओढा. अशा वाटेवर घट्ट टायराचा गुण हाच दोष ठरतो. उतारावरील वळणावर सुट्या खडीवरून पुढचे चाक निसटते आणि स्वार हातांवर आपटतो. मनगट मोडण्याचे किंवा खांद्याचे हाड सरकण्याचे असे प्रसंग नेहमीचे आहेत. ज्यांना पडण्याचा अनुभव येत नाही त्यांनाही हात बधिर होणे, पाठ दुखणे आणि वरचेवर पंक्चर होणे या रूपाने चुकीच्या टायराची किंमत मोजावी लागते.

मिश्र रस्त्यासाठी टायर कसा निवडावा, हा या प्रकरणाचा विषय आहे. विवेचनाचे सार आरंभीच सांगून ठेवणे सोयीचे होईल. टायराची रुंदी व कापड वाटेतील सर्वांत वाईट टप्पा पाहून ठरवावे, नक्षी सर्वांत लांब टप्पा पाहून ठरवावी, आणि हवा किती भरावयाची ते स्वारासह सायकलीच्या एकूण वजनावरून ठरवावे. असे का, हे आता क्रमाने पाहू.

हवेचे काम

हवा भरलेल्या चाकाची कल्पना सायकलीहून जुनी नसली, तरी आजच्या सायकलीहून निश्चितच जुनी आहे. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली घोडागाड्यांसाठी अशा चाकाचे पेटंट घेतले होते. ते लोकांच्या विस्मरणात गेले. पुढे १८८७ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेच्या रबरी नळ्या बसवल्या आणि १८८८ साली पेटंट मिळवले. टॉमसनचे काम उजेडात आल्यावर ते पेटंट रद्द झाले. परंतु तोपर्यंत नव्या टायराने आपली योग्यता सिद्ध केली होती. १८८९ साली विल्यम ह्यूम या स्पर्धकाने बेलफास्टमधील शर्यती हवेच्या टायरांवर जिंकल्या, आणि भरीव रबराच्या चाकांचे दिवस संपत आल्याचे सर्वांना कळून चुकले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळी डांबरी रस्ते फारसे नव्हते. घडीव दगडांची फरसबंदी किंवा दाबून बसवलेली खडी हाच रस्ता होता. म्हणजे हवेचा टायर जन्मास आला तोच खडबडीत रस्त्यासाठी. भरीव चाक जेथे अडखळत होते तेथे हवेचे चाक सहज पुढे गेले, आणि याचे कारण आजही तेच आहे.

समजा, वाटेत सुपारीएवढा खडा आला. चाक कठीण असेल तर ते खड्यावर चढल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. चाक चढते म्हणजे सायकल आणि तिच्यावरील माणूस, दोन्ही उचलली जातात. उचलण्यास लागलेली शक्ती स्वाराच्या पायांतून आलेली असते. पलीकडे उतरताना तिचा काही भागच परत मिळतो, उरलेला हादऱ्यांच्या रूपाने स्वाराच्या शरीरात जिरतो. याउलट टायर मऊ असेल तर खडा टायरात रुततो, टायर त्याच्याभोवती आपला आकार बदलतो आणि स्वार जवळजवळ त्याच उंचीवर राहून पुढे सरकतो.

टायर जमिनीला किती टेकतो, हे साध्या गणिताने काढता येते. स्वार व सायकल मिळून वजन ८० किलोग्रॅम धरू. त्यातील सुमारे साठ टक्के, म्हणजे ४८ किलोग्रॅम, मागच्या चाकावर येते. टायरात दर चौरस इंचास ६० पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.२ किलोग्रॅम दाब असेल, तर ४८ ला ४.२ ने भागून सुमारे ११ चौरस सेंटिमीटर हे उत्तर येते. एवढ्याच जागेवर टायर जमिनीला टेकलेला असतो. दाब निम्मा केला की ही जागा दुप्पट, म्हणजे सुमारे २३ चौरस सेंटिमीटर होते. टायराचे कापड स्वतःही थोडा भार पेलत असल्याने हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांतील प्रमाण खरे आहे. सुट्या खडीवर जितके अधिक खडे टायराखाली येतील तितका भार विभागला जातो आणि एखादा खडा निसटला तरी चाक निसटत नाही.

घट्ट टायर वेगवान असतो काय?

टायर फिरत असताना दोन ठिकाणी शक्ती वाया जाते. पहिले ठिकाण टायराच्या आत आहे. जमिनीला टेकताना रबर व कापड वाकते, पुन्हा सरळ होते आणि या क्रियेत थोडी उष्णता निर्माण होते. दुसरे ठिकाण वर सांगितलेले, म्हणजे हादरणारे शरीर. हवा वाढवली की पहिले नुकसान कमी होते आणि दुसरे वाढते. गुळगुळीत पोलादी दंडगोलावर टायर फिरवून मोजमाप केले, तर तेथे हादरे नसल्यामुळे घट्ट टायरच सरस ठरतो. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र हवा वाढवत नेल्यास एका मर्यादेपर्यंत सायकल हलकी होते आणि त्यापुढे पुन्हा जड होऊ लागते. रस्ता जितका खडबडीत तितकी ही मर्यादा खाली येते.

मग आहे त्याच टायरातील हवा कमी केली की काम भागत नाही काय? अरुंद टायराच्या बाबतीत भागत नाही. २५ किंवा २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरात हवा कमी केली, की एखादा अणकुचीदार दगड त्याला थेट रिमपर्यंत दाबतो. दगड आणि रिम यांच्या कात्रीत सापडून ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, आणि कधी रिमही चेपते. हवा कमी ठेवावयाची तर टायरात जागा हवी. रुंदी दीडपट झाली की टायराच्या पोटाचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते, आणि दगड व रिम यांमधील अंतरही वाढते.

रुंद टायर कमी हवेवर लिबलिबीत होईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु टायराच्या कापडावर येणारा ताण हवेचा दाब आणि टायराची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. २८ मिलिमीटरच्या टायरात ६० पौंड आणि ४२ मिलिमीटरच्या टायरात ४० पौंड हवा असेल, तर दोन्ही गुणाकार १६८० येतात. म्हणजे दोन्ही टायरांची कापडे सारखीच ताणलेली असतात. रुंद टायर ४० पौंडांवर सैल नसतो, तो त्याच्या मापाने घट्टच असतो. रुंद टायरात अरुंद टायराइतकी हवा भरणे ही मात्र चूक होय. तसे केल्याने रुंदीचा सारा लाभ जातो, आणि टायराच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडली गेल्यास टायर रिमवरून उडण्याचा धोका असतो.

खडी एकाच जातीची नसते

‘खडीचा रस्ता’ या एका नावाखाली अनेक परस्परभिन्न रस्ते मोडतात. परदेशातील दोन प्रसिद्ध उदाहरणे घेऊ. इटलीतील टस्कनी प्रांतात चुनखडीच्या पांढऱ्या कच्च्या सडका आहेत. त्या जतन व्हाव्यात या हेतूने १९९७ साली गायोले या गावी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली, आणि २००७ साली त्याच परिसरात ‘स्त्रादे ब्यांके’, म्हणजे पांढऱ्या सडका, या नावाची व्यावसायिक शर्यत सुरू झाली. तेथील पृष्ठभाग बराचसा दाबून बसलेला आहे. म्हणून ती शर्यत डांबरी रस्त्याच्या सायकलींवर, त्याच जातीचे टायर लावून धावली जाते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्स या टेकड्यांचे. चुनखडीत गारगोटीच्या जातीचा कठीण दगड तेथे इतका मिसळलेला आहे, की जमीन नांगराखाली येऊ शकली नाही आणि उंच गवताची माळराने टिकून राहिली. एम्पोरिया या गावातून २००६ साली सुरू झालेली आणि २०२० पासून ‘अनबाउंड’ या नावाने ओळखली जाणारी सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत याच भागातून जाते. हा दगड फुटला की त्याला पात्यासारखी धार येते, आणि ती टायराच्या तळापेक्षा त्याच्या बाजूंना कापते. तेथे निसटण्याइतकीच फाटण्याची भीती असते. टस्कनीत चालणारा पातळ टायर तेथे घातला, तर सायकल हातात धरून चालत येण्याची पाळी येते.

आपल्या देशातही हेच वैविध्य आहे. माळव्यात, विदर्भ-मराठवाड्यात किंवा उत्तर कर्नाटकात काळी माती आहे. उन्हाळ्यात ती सिमेंटसारखी कठीण असते, तर पावसाळ्यात चाकाला चिकटून चाकच अडवते. कोकण, गोवा आणि केरळ येथे जांभ्याची लाल खडी व धूळ आहे, राजस्थानात वाळू आहे, तर लडाख-स्पितीकडे नदीतील गोटे व दरडींचा धारदार चुरा आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने असंख्य खेडी पक्क्या सडकेने जोडली; परंतु सडकेपासून शेतापर्यंतचा किंवा वाडीपर्यंतचा अखेरचा तुकडा पुष्कळ ठिकाणी कच्चाच आहे. म्हणून टायर घेण्यापूर्वी आपली वाट एकदा पायी पाहावी. खडे केवढे आहेत, गोल आहेत की धारदार, ते खाली दाबलेले आहेत की सुटे, आणि कच्चा भाग किती किलोमीटर आहे, हे चार प्रश्न स्वतःस विचारावेत.

रुंदी किती असावी?

दाबून बसलेली बारीक खडी आणि डांबर अशी वाट असेल, तर ३२ ते ३५ मिलिमीटर पुरतात. सुटी, सुपारीएवढी खडी असेल तर ३८ ते ४२ मिलिमीटर घ्यावेत. मोठे गोटे, वाळू किंवा ओझ्यासह लांबचा प्रवास असेल तर ४५ ते ५० मिलिमीटर योग्य होत. दोन मापांमध्ये मन घोटाळत असेल, तर रुंद माप घ्यावे. कारण साधे आहे. डांबरी टप्प्यावर रुंद टायरामुळे होणारे नुकसान अल्प असते. थोडे वजन वाढते, आणि वेग बराच असेल तर हवेचा विरोधही किंचित वाढतो. ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसास हे जाणवतही नाही. खडीवर मात्र अरुंद टायराचे नुकसान अंगावर येते. म्हणूनच रुंदी ठरवताना वाईट टप्प्यास झुकते माप द्यावयाचे.

रुंदीला खरी मर्यादा घालतो तो सायकलीचा सांगाडा. पुढच्या चिमट्याच्या दोन पायांतील आणि मागच्या चाकाजवळच्या नळ्यांतील जागा पट्टीने मोजावी, आणि टायराच्या प्रत्येक बाजूस निदान ६ मिलिमीटर मोकळे राहतील असा टायर घ्यावा. मडगार्ड असेल तर त्याखालीही तेवढीच जागा हवी. टायरास चिकटलेला खडा या फटीत अडकला, तर पुढचे चाक क्षणात जागच्या जागी थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. टायर आणि रिम यांचेही प्रमाण असते. टायराची रुंदी रिमच्या आतील रुंदीच्या दीडपट ते सव्वादोनपट असावी. त्याहून जाड टायर अरुंद रिमवर वळणात डुलतो.

मापांचा घोळ

दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितला, तर दोन वेगळे टायर हाती पडू शकतात. आपल्याकडील काळ्या दणकट सायकलीस २८ × १½ हे माप असते. २८ इंच म्हणजे ७११ मिलिमीटर, हा हवा भरलेल्या चाकाचा बाहेरील व्यास होय. त्यातून दोन्हीकडची दीड-दीड इंच, म्हणजे एकूण ७६ मिलिमीटर वजा केल्यास ६३५ उरतात. टायर रिमवर बसतो तेथील हा व्यास. आजच्या डांबरी व खडीच्या सायकलींस ‘७०० सी’ म्हणतात, आणि कोठे कोठे त्यासही अठ्ठावीस इंचीच म्हणतात. तिचा हा व्यास मात्र ६२२ मिलिमीटर आहे. दोहोंत १३ मिलिमीटरांचा फरक असल्याने एकीचा टायर दुसरीस चालत नाही. ‘एकोणतीस इंची’ म्हणून विकली जाणारी डोंगरी सायकल मात्र ६२२ चीच असते.

२६ इंची मापात घोळ अधिक आहे. २६ × १½ हा टायर ५८४ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर २६ × १.५ हा ५५९ च्या रिमवर. अंकगणितात दीड आणि एक पूर्णांक पाच दशांश सारखेच, परंतु टायरांच्या दुकानात नव्हेत. या गोंधळातून सुटण्याचा मार्ग एकच आहे. प्रत्येक चांगल्या टायराच्या बाजूवर ४०-६२२ अशी दोन आकड्यांची आंतरराष्ट्रीय खूण उमटवलेली असते. पहिला आकडा टायराची रुंदी, दुसरा रिमवर बसण्याचा व्यास. दुसरा आकडा जुन्या टायराशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. पहिला आपण आपल्या गरजेप्रमाणे निवडू शकतो.

ही खूण समजली की एक युक्तीही सुचते. ५८४ च्या रिमवर ४७ मिलिमीटरचा टायर चढवला, तर चाकाचा बाहेरील व्यास ६७८ होतो. ६२२ च्या रिमवर २८ चा टायर चढवला तरी तो ६७८ च होतो. डिस्क ब्रेक असलेल्या आणि नळ्यांमध्ये पुरेशी रुंद जागा असलेल्या सायकलीला म्हणूनच लहान रिमची जाड चाके बसवता येतात, आणि सायकलीची जमिनीपासूनची उंचीही बदलत नाही. जाता जाता हेही नमूद करावे, की २८ × १½ ची आपली जुनी काळी सायकल सुमारे ४० मिलिमीटरच्या टायरावर चालते. खडीसाठी आज जगभर जी रुंदी पसंत केली जाते, ती आपल्या दूधवाल्यांच्या व पोस्टमनांच्या वापरात पूर्वीपासून होती.

कापड आणि नक्षी

टायर म्हणजे केवळ रबर नव्हे. आत धाग्यांचे कापड असते, कडांना तार असते, आणि त्यावर रबराचा लेप असतो. धागा बारीक व दाट असेल तर टायर लवचिक व हलका होतो, सहज वाकतो आणि कमी शक्ती खातो. धागा जाड असेल, तर टायर स्वस्त, कडक व जड असतो. धारदार खडी असलेल्या वाटेसाठी बाजूंनाही संरक्षक पट्टा असलेला टायर घ्यावा; केवळ तळाशी पट्टा असून उपयोग नाही. बाभळीच्या आणि सराट्याच्या काट्यांसाठी तळाचा पट्टा महत्त्वाचा असतो. वाट साधी असेल तर या संरक्षणाचा हव्यास धरू नये, कारण जाड पट्ट्याने टायर आपला मऊपणा गमावतो.

नक्षीविषयी गैरसमज फार आहेत. ओल्या डांबरावर मोटारीच्या टायरास खाचा लागतात, म्हणून सायकलीसही त्या लागत असतील असे वाटते. मोटारीचा टायर रुंद व चौकोनी असतो, आणि त्याखाली पाण्याचा थर अडकू शकतो. सायकलीचा टायर अरुंद व गोल असल्याने तो पाणी बाजूस सारतो. दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम दाबाचा टायर पाण्यावर तरंगण्यास ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग लागेल. म्हणजे डांबरावर, सुके असो वा ओले, गुळगुळीत टायर उत्तम पकड देतो. उंच गाठी असलेला टायर तेथे गाठींवरच डुलतो, गुणगुणतो आणि लवकर झिजतो.

गाठी उपयोगी पडतात त्या जेथे त्या रुतू शकतात तेथे, म्हणजे मऊ माती, ओले गवत आणि पातळ चिखल यांत. कठीण तळावर सुटे खडे पसरलेले असतील, तर गाठींपेक्षा रुंदी आणि योग्य हवा यांचाच उपयोग अधिक. म्हणून ज्याची बरीचशी वाट डांबरी आहे, त्याने मधला पट्टा जवळजवळ गुळगुळीत आणि कडांना गाठी असा टायर घ्यावा. सरळ जाताना गाठी जमिनीस लागत नाहीत, वळणात सायकल कलली की त्या मदतीस येतात. निम्म्याहून अधिक वाट कच्ची असेल तर सर्वत्र लहान, दाट गाठींचा टायर बरा. चिखलासाठी गाठी विरळ हव्यात, म्हणजे फिरताना चिखल झडून पडतो. भर पावसातील काळ्या मातीस मात्र कोणतीच नक्षी पुरी पडत नाही. तेथे उतरून सायकल उचलून नेणे हाच शहाणपणा होय.

दोन्ही टायर सारखेच असले पाहिजेत असे नाही. मागचे चाक निसटले तर स्वारास बहुधा सावरता येते, पुढचे निसटले तर क्वचितच. म्हणून अधिक पकडीचा आणि अधिक चांगल्या अवस्थेतील टायर नेहमी पुढे असावा. मागचा टायर आधी झिजतो. तो बदलताना पुढचा मागे घालून नवा पुढे बसवावा.

हवा किती भरावी?

स्वार, सायकल व सामान मिळून ८५ किलोग्रॅम वजन आणि ट्यूबचे टायर धरले, तर मिश्र रस्त्यासाठी मागच्या चाकात पुढीलप्रमाणे आरंभ करावा: ३२ मिलिमीटरला ५२ पौंड, ४० मिलिमीटरला ४० ते ४२ पौंड, ४७ मिलिमीटरला ३२ ते ३४ पौंड. पुढच्या चाकात ३ ते ५ पौंड कमी ठेवावेत, कारण तेथे भार कमी असतो. एकूण वजन एक दशांशाने वाढले की हवाही एक दशांशाने वाढवावी. कॅरियरवर पोते बांधावयाचे असेल, तर वाढ मुख्यतः मागच्या चाकात करावी. टायरावर छापलेली किमान व कमाल मर्यादा ओलांडू नये. काही नव्या रिमांच्या कडा सरळ असतात, त्यांना टायर धरून ठेवणारा आतील वळसा नसतो. त्यांवर ७२ पौंडांहून अधिक हवा केव्हाही भरू नये, आणि टायरही अशा रिमसाठी चालतो असा उल्लेख असलेलाच घ्यावा.

अंगठ्याचा अंदाज येथे निरुपयोगी आहे. ३५ आणि ५० पौंडांतील फरक अंगठ्यास नीट कळत नाही. मापक असलेला पंप घेणे हा दुसरा टायर घेण्यापेक्षा चांगला खर्च होय.

उंच प्रदेशात जाणाऱ्यांच्या मनात एक शंका नेहमी असते. समुद्रसपाटीजवळ ४० पौंडांवर भरलेला टायर साडेचार हजार मीटर उंचीवरील खिंडीत नेला, तर बाहेरील हवेचा दाब सुमारे ६ पौंडांनी कमी झालेला असतो आणि टायर तितकाच अधिक घट्ट होतो. परंतु खाली ३० अंश सेल्सियस आणि वर ५ अंश तापमान असेल, तर थंडीने त्यातील चार-साडेचार पौंड पुन्हा कमी होतात. टायर फुटेल ही भीती त्यामुळे निराधार आहे. वर पोचल्यावर मापक लावून पाहिले म्हणजे पुरे.

ट्यूब नसलेले, म्हणजे ट्यूबलेस, टायर वापरल्यास दगड-रिमच्या कात्रीत सापडण्यास ट्यूबच उरत नाही, म्हणून हवा आणखी ४-५ पौंडांनी कमी ठेवता येते. आत घातलेला चिकट द्रव काट्याने पडलेली बारीक भोके आपोआप बुजवतो. सराट्याच्या प्रदेशात हा मोठाच दिलासा आहे. परंतु त्यासाठी रिम व टायर दोन्ही त्या जातीचे लागतात, द्रव काही महिन्यांनी वाळतो व पुन्हा घालावा लागतो, आणि खेड्यातील दुकानात तो मिळेलच असे नाही. ट्यूबचे पंक्चर मात्र कोठेही काढून मिळते. ट्यूबलेस टायर वापरणाऱ्यानेही एक ट्यूब जवळ बाळगावी.

एक उदाहरण

एक शिक्षिका रोज १६ किलोमीटर जाते असे समजू. १० किलोमीटर डांबर, ४ किलोमीटर सुटी खडी व तीत एक उताराचे वळण, आणि २ किलोमीटर शेतवाट. पुस्तकांसह तिचे वजन ७० किलोग्रॅम, सायकलीचे १५. वाईट टप्पा सुट्या खडीचा, म्हणून रुंदी ३८ ते ४२ मिलिमीटर. चिमट्यातील जागा मोजली ती ५२ मिलिमीटर भरली. दोन्हीकडचे सहा-सहा वजा जाता ४० उरतात. जुन्या टायरावर ३२-६२२ अशी खूण आहे, म्हणून नवा ४०-६२२ चा. खडीत धार नाही, तेव्हा बाजूंना जाड संरक्षण नको. शेतवाटेवर बाभळी आहेत, म्हणून तळाशी पट्टा हवा. सर्वांत लांब टप्पा डांबरी, म्हणून मध्यभागी गुळगुळीत आणि कडांना गाठी अशी नक्षी. हवा मागे ४२ पौंड, पुढे ३८. हा निर्णय करण्यास कोणत्याही जाहिरातीची गरज पडली नाही.

अखेरीस वाचकांनी एक प्रयोग स्वतः करून पाहावा. वारा नसलेल्या सकाळी खडीचा एक सौम्य उतार निवडावा, ज्याच्या पायथ्याशी सपाट जागा असेल. वर एक खूण करून तेथून पायडल न मारता सायकल सोडून द्यावी आणि ती जेथे थांबेल तेथे दगड ठेवावा. टायराच्या मर्यादेत राहून प्रथम अधिक हवेवर, मग दर खेपेस पाच-पाच पौंड कमी करून, प्रत्येक दाबावर तीन तीन वेळा हेच करावे. बसण्याची ढब दर वेळी सारखीच ठेवावी, आणि टायर रिमपर्यंत दबू लागला की थांबावे. सर्वांत दूरचा दगड बहुधा सर्वांत घट्ट टायराचा नसतो, असे आढळून येईल. ज्या दाबावर सायकल सर्वांत दूर जाते, तो आकडा वहीत लिहून ठेवावा. त्या वाटेसाठी, त्या टायरासाठी आणि त्या स्वारासाठी तोच योग्य दाब होय.